दारातला नळ

भास्करला मीटर आवडायचे. कुणाला क्रिकेट आवडतं, कुणाला तंबाखू, तसं याला मीटर. सिल्वासातल्या एका धाग्याच्या कंपनीत तो युटिलिटीत होता. म्हणजे पंप, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर हे सगळं त्याच्या ताब्यात. दर तासाला एकेका मीटरपुढे उभं राहायचं, आकडा वाचायचा आणि लॉगशीटवर लिहायचा, हे त्याचं काम, आणि ते तो नऊ वर्षं मन लावून करत होता. घरी आल्यावरही त्याचा हात शिवशिवायचा. विजेचा मीटर तो जाता-येता वाचायचा. सिलिंडर किती दिवस चालला हे त्याला तोंडपाठ असायचं. एकदा सिलिंडर चार दिवस आधी संपला, तेव्हा बायकोने, ममताने, गॅस पिऊनच टाकला असावा अशा नजरेने त्याने तिच्याकडे बघितलं होतं.

तेव्हा गल्लीत पाण्याचे मीटर बसवायची टूम याच माणसाच्या डोक्यातून निघाली यात नवल काही नाही. पण ती ऐकून त्याची बायको धास्तावली, आणि का धास्तावली हे तिला कुणालाच सांगता येईना.

सिल्वासाजवळच्या सामरवरणीतली ती आठ बैठ्या घरांची, बहुतेक खानदेशी माणसांची गल्ली. आठ घरांना मिळून पाण्याची एक लाईन, एक बिल. कोपऱ्यावरचे गुजराती किराणावाले भावेशभाई ते बिल भरायचे आणि आठाने भागून ज्याचे त्याच्याकडून पैसे घ्यायचे. कुणाची काही तक्रार नव्हती. भास्करची होती.

"आपण दोघंच," तो ताटावर बसला की सुरू व्हायचा. "त्यात मी बारा तास कंपनीत. राहिली तू. तू एकटी किती पाणी पिशील? आणि समोर चिंधाभाऊकडे नऊ माणसं. नऊ! आणि बिल सारखंच?"

"हं," ममता म्हणायची आणि त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकायची. भाकरी पडली की तो जरा वेळ गप्प बसायचा.

आता भास्करला जे ठाऊक नव्हतं ते असं. गल्लीतल्या सात घरांत नळ आत, मोरीत. आणि मोरी एवढी चिंचोळी की बसल्या बाईने कोपर उचललं तर ते भिंतीवर आपटावं. ममताचं घर मात्र सगळ्यांत आधी बांधलेलं. बांधकामाला पाणी हवं म्हणून तेव्हा दारातच नळ काढलेला, तो पुढे तसाच राहिला. त्याच्याखाली चांगला ऐसपैस धुण्याचा दगड, आणि वर शेवग्याची सावली. साडेसहाला भास्कर कंपनीच्या बसमध्ये बसला की सातला पहिली बादली दारात यायची. मग दुसरी यायची. मग बादल्यांबरोबर बाया, बायांबरोबर गप्पा, आणि बारापर्यंत त्या दगडावर गल्लीतलं सगळं धुणं आपटलं जायचं आणि सगळ्या सासवासुद्धा. संध्याकाळी साडेसातला भास्कर परत यायचा तेव्हा दगड कोरडाठाक झालेला असायचा. बुधवारी त्याची सुट्टी. त्या दिवशी एकही बाई फिरकायची नाही, कारण पुरुषमाणूस घरात असताना त्याच्या दारात पदर खोचून धुणं आपटायचं हे खानदेशातल्या बायांना बरं दिसत नाही. त्यामुळे गेली साडेतीन वर्षं भास्करने तो नळ जेव्हा जेव्हा बघितला तेव्हा तो बंद आणि मुकाट होता.

ममता साक्रीकडची. पंधरा माणसांच्या घरातून लग्न करून ती या दोन खोल्यांत आली, आणि पहिले सहा महिने तिच्याशी बोलायला कुकरशिवाय कुणी नव्हतं. मूलबाळ अजून नव्हतं. टीव्ही होता, पण तो तिचं ऐकून घ्यायचा नाही. मग एक दिवस समोरच्या चिमाबाई, म्हणजे चिंधाभाऊंची बायको, हातात गोधडी घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. "पोरी, तुझ्या दगडावर एवढी एक गोधडी आपटून घेऊ का? माझ्या मोरीत तिला बसायलाबी जागा नाही." त्या दिवशी ममता सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर बोलली. तेव्हापासून तो नळ हेच तिचं माहेर होतं. आता मीटर लागला की आकडा दिसणार, आकडा दिसला की भास्कर नळ बंद करणार. बायांना आधी सांगावं, तर त्या लाजेने उद्यापासून यायच्याच बंद होतील. पैशाची भीती तिला नव्हती. परत एकटं पडायची होती.

बैठक भावेशभाईंच्या दुकानापुढे भरली. भास्करने कागदावर मुद्दे लिहून आणले होते, पण मुद्दा एकच होता: जो वापरेल त्याने भरावं. तो हे बोलताना चिंधाभाऊंकडे बघत नव्हता, म्हणजे इतका बघत नव्हता की सगळ्यांना कळलं. ममताने सगळी आशा चिमाबाईंवर ठेवली होती. चिमाबाई तोंडाच्या फटकळ. नऊ माणसांचं घर. त्या भास्करला उभा चिरतील आणि मीटरचा विषय इथेच मिटेल.

"लावा ना मग," चिमाबाई म्हणाल्या. "आमच्या घरात पाणी जातंय कुठं? मोरी दिवसभर कोरडी राहते."

आणि ते खरंच होतं! चिंधाभाऊंनी छाती पुढे काढली. पाच नंबरची सोनम म्हणाली, आमच्याकडे तर मुळी पाणी लागतच नाही. सहा नंबरची सोनालीही तेच म्हणाली. एकेक घर उठून आपली मोरी किती कोरडी ते सांगू लागलं, आणि त्यातली एकही बाई खोटं बोलत नव्हती. आपलं पाणी येतं कुठून हे त्यांच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. नळ सोडला की येतं ते पाणी, त्याला कुणाचं नाव थोडंच असतं! ममताला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं. शेवटी तिने पदर तोंडाशी धरला.

"मीटर फार महाग असतात म्हणे," ती कशीबशी म्हणाली.

"वर्षात वसूल," भास्कर म्हणाला. "आपले तर सहा महिन्यांत."

भावेशभाईंनी वही मिटली. "चालो, बद्धा राजी, सगळे राजी. मी संजू प्लंबरला सांगून देतो."

मीटर लागले. भास्करने आपल्या मीटरपुढे नारळ फोडला आणि ममताला हळदकुंकू लावायला सांगितलं, कंपनीत नव्या यंत्राला लावतात तसं. तिने लावलं, आणि मनातल्या मनात त्याला हात जोडले, बाबा रे, तू जरा हळू फिर.

पण वेळच वाईट निवडली होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, आणि आखाजीच्या आधी घरातलं चिंधुकसुद्धा धुतल्याशिवाय खानदेशातल्या बाईला चैन पडत नाही. चिमाबाईंच्या घरी माणसं नऊ आणि गोधड्या चौदा, कारण पाहुण्यांच्या वेगळ्या. घरात दोन सुना होत्या, पण सुनांच्या हातची गोधडी चिमाबाईंना पटायची नाही. त्या स्वतः बसायच्या आणि प्रत्येक गोधडीला तीन-तीन पाणी द्यायच्या. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड; त्यांची ज्वारी भिजत पडली होती ती याच नळाखाली धुतली जात होती. मीटरमधलं ते इवलंसं चाक गरगरत होतं आणि चहा गाळता गाळता ममताचा जीव वरखाली होत होता.

मग तिने घरात काटकसर सुरू केली. अंगण शिंपायचं बंद केलं. तांदूळ एकाच पाण्यात धुतले, आणि ते पाणी तुळशीला घातलं. स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ केली. भास्करलाही अर्धीच काढून ठेवली.

"पाणी कमी येतंय का?" साबण लावलेला भास्कर आतून ओरडला.

"उन्हाळा आहे!" ती बाहेरून ओरडली. त्याने उरलेला साबण टॉवेलने पुसला आणि तसाच कंपनीत गेला.

महिना भरला. भावेशभाई संध्याकाळी वही घेऊन दारोदार फिरले आणि मग दुकानापुढे सगळ्यांसमोर आकडे वाचू लागले. एक युनिट म्हणजे हजार लिटर. दोन नंबरचे सात. पाच नंबरचे सहा. चिंधाभाऊंचे अकरा. भास्कर हात मागे बांधून, निकाल आधीच ठाऊक असलेल्या हुशार मुलाच्या तोऱ्यात उभा होता. पेपर फुटू नये म्हणून महिनाभर त्याने आपला मीटर मुद्दाम वाचला नव्हता.

"भास्करभाई," भावेशभाईंनी चष्मा नीट केला. "एकतीस."

"पुन्हा वाचा."

"जुओ ने, मी दोनदा वाचला. एकतीस. त्रण ने एक."

चिंधाभाऊंना त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा थोरल्या नातवाच्या बारशालाही झाला नसेल. "नऊ माणसं अकरा," ते बोटांवर मोजत म्हणाले, "आन् दोन माणसं एकतीस! भास्करराव, रात्री उठून बैलासारखं पाणी पिता का काय भो?"

गल्ली हसली. भास्करचे कान लाल झाले. तो घरी आला आणि न जेवता मीटरसमोर उकिडवा बसून राहिला.

बुधवार उजाडला तसा त्याने तपास सुरू केला. घरातला प्रत्येक नळ बंद केला, संडासची टाकी उघडून बघितली, आणि मीटरपुढे पाट टाकून तासभर बसला. चाक हललंसुद्धा नाही. मग त्याला मीटरचाच संशय आला. दहा लिटरची बादली दहा वेळा भरली, दर वेळी आकडा बघितला. मीटर बरोबर शंभर लिटर पुढे गेला. मीटर खरा, पाईप खरे, नळ बंद असताना थेंब गळत नाही, मग पाणी जातं कुठे?

"उन्हाने उडत असेल," ममता म्हणाली.

भास्करने तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मग त्याच्या कपाळावरची आठी उलगडली. "जे होतंय ते मी नसताना होतंय."

ममता हातातलं ताट दुसऱ्यांदा पुसू लागली.

"लाईनचं प्रेशर दिवसभर कमी-जास्त होतं," तो म्हणाला. "जास्त असतं तेव्हाच कुठेतरी गळत असणार. याला एकच उपाय. लॉगशीट."

मग चार-पाच दिवस तो पट्टी शोधत, कागद शोधत राहिला, कारण वाकडी रेघ त्याला खपायची नाही. रविवारी त्याने एक तक्ता आखला: वेळ, आकडा, फरक, शेरा. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, तासाला एक नोंद. खाली 'ऑपरेटर' असं लिहून पुढे 'सौ. ममता' घातलं. पेन दोऱ्याने तक्त्याला बांधलं, हरवू नये म्हणून. त्याला वाटलं आपण बायकोवर केवढा विश्वास टाकला. ममताला वाटलं, चोराच्याच हातात कंदील दिला.

सोमवारी बाया आल्या, धुणी झाली, गप्पा झाल्या, आणि ममताने दिवसभर तक्ता कणगीमागे दडवून ठेवला. संध्याकाळी तिने एकदाच मीटर बघितला. सकाळपासून एक हजार पंचेचाळीस लिटर गेले होते. तिने बसून त्याला अकराने भाग दिला. हिशेब तर झकास जमला! दर तासाला पंच्याण्णव लिटर, वरपासून खालपर्यंत. सावकाश गळणारा पाईप असाच गळत असेल, असं तिला वाटलं, आणि आपण एवढ्या हुशार आहोत हे तिला आजच कळलं.

भास्करने तक्ता हातात घेतला, वरून खाली एकदा नजर फिरवली आणि हसू लागला. खूप दिवसांनी तो असा हसत होता.

"हे बसून भरलंय."

"छे! मी प्रत्येक तासाला..."

"ममता, नऊ वर्षं मी लॉगशीट भरतोय. खरा आकडा असा सरळ नसतो. खरा आकडा वाकडा असतो. एकदा दोनशे, एकदा चाळीस. आणि गळती असती तर तीपण प्रेशरप्रमाणे कमी-जास्त झाली असती ना." तो अजून हसतच होता. "कंपनीत लागलो तेव्हा मीही असंच भरायचो. कोण जातंय उन्हात टॉवरपर्यंत! सुपरवायझरने तिसऱ्या दिवशी पकडलं. राग नाही मला. कंटाळा येतो, माहिती आहे. पण उद्या खरं लिही. परवा संजूला बोलावलंय. काही सापडलं नाही तर तो दारातला नळ काढून पाईपचं तोंडच बंद करून टाकू. जुना झालाय, तिथूनच जात असणार. तसाही आपल्याला कुठे लागतो?"

ममताने त्याच्या ताटात भाजी वाढली. नळ आता कुठल्याही रस्त्याने जाणारच होता; खोटं लिहिलं तरी परवा, खरं लिहिलं तरी परवा. निदान खोटं बोलून घालवायला नको, असं तिने सकाळी त्याचा डबा भरता भरता ठरवलं. बस गेली, तिने कणगीमागून तक्ता काढला, दाराच्या पायरीवर बसली आणि पेन हातात घेतलं.

"काय लिहून राहिली वं?" चिमाबाईंनी गोधडी दगडावर टाकत विचारलं.

"यांच्या कंपनीचं काम आहे, मावशी."

"माझं नाव टाकलं का त्यात?"

"टाकलं ना."

"कंपनीच्या कागदावर?" चिमाबाईंनी हात पुसले, पदर नीट केला. "मग बराबर लिही. एक नाही, दोन गोधड्या लिही. आन् तीन पाणी दिलं म्हणावं, या सोनमसारखं एका पाण्यात नाही उरकलं."

"मावशी!" सोनम ओरडली, आणि मग जे हसणं सुरू झालं ते दहापर्यंत थांबलं नाही. ममता हसता हसता लिहीत होती. दर तासाला उठून फाटकाशी जायची, मीटर बघायची, परत येऊन पायरीवर बसायची. आज तिला कसलीच भीती नव्हती. शेवटचा दिवस आहे हे एकदा मनाने घेतलं की माणूस मोकळा होतो.

संध्याकाळी भास्कर आला, चप्पल काढायच्या आधी मीटर बघून आला, मग त्याने हात पुढे केला. ममताने तक्ता दिला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

आकडे वाकडे होते. भास्करने मान डोलावली. मग तो शेऱ्याच्या रकान्याकडे वळला. तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, आणि जागा पुरली नाही तिथे समासात.

सात ते आठ, एकशेऐंशी. चिमाबाईंच्या दोन गोधड्या. एक धाकट्या नातवाची, तिला तीन पाणी का लागतं ते विचारू नये.

आठ ते नऊ, दोनशे दहा. सोनम. नवऱ्याच्या कंपनीच्या पँटी, ऑइल निघत नाही. नवीन लग्न आहे म्हणून अजून त्याच्यावर चिडत नाही.

नऊ ते दहा, एकशेनव्वद. सोनाली. धुणं थोडं होतं. सासूचा विषय निघाला, नळ चालूच राहिला.

दहा ते अकरा, एकशेपन्नास. चार घरांच्या बिबड्यांची ज्वारी धुतली.

अकरा ते बारा, नव्वद. मी. आपलं धुणं. माझे केस धुतले, चिमाबाईंनी वरून पाणी घातलं.

बारा ते एक, चाळीस. आपली भांडी.

एक ते दोन, शून्य. दोन ते तीन, शून्य. तीन ते चार, शून्य.

चार ते पाच, साठ. पोरं खेळून आली, पाय धुतले, एकमेकांवर उडवलं. पाच ते सहा, तीस. त्याच पोरांनी परत उडवलं.

भास्करने वाचून संपवलं तेव्हा त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. "म्हणजे चिंधाभाऊच्या नऊ जणांच्या गोधड्या माझ्या मीटरवर! आणि तो मला चारचौघांत बैल म्हणतो!" त्याने तक्त्याची सुरळी केली. "थांब, आत्ता जातो आणि त्याच्या नाकासमोर धरतो हे."

"जाऊ नका."

"का नको? किती दिवस चाललंय हे?"

"साडेतीन वर्षं. तुम्ही गेलात तर उद्यापासून एकही बाई येणार नाही." ममताचा आवाज चढला, तो असा चढलेला तिने स्वतःच कधी ऐकला नव्हता. "मग मी काय करू? तुम्ही साडेसहाला जाता, साडेसातला येता. आल्यावर सिलिंडर किती दिवस चालला ते विचारता. मी दिवसभर कुणाशी बोलू? मीटरशी? मला त्या बाया पाहिजेत. त्या पाण्याला येतात, तर मी त्यांना पाणी देते. नळ गेला तर मी इथे वेडी होईन, आणि ते मीच तुम्हाला सांगते, कारण तुमच्या कुठल्याच मीटरवर ते दिसायचं नाही."

भास्कर अर्धी चप्पल घातलेल्या पायाने तसाच उभा राहिला. मग खुर्चीवर बसला. त्याला बोलणं जमायचं नाही, वाचणं जमायचं. म्हणून त्याने सुरळी उलगडून तक्ता परत वाचायला घेतला, या वेळी सावकाश. त्याचं बोट खाली सरकत गेलं आणि मध्येच थांबलं.

"एक ते चार. बाहेर गेली होतीस?"

"नाही. घरातच होते. दुपारी सगळ्या आपापल्या घरी झोपतात."

"शून्य लिहिलंयस."

"शून्यच होतं."

"तीन तासांत एकदाही नळ सोडला नाहीस?" त्याने मान वर केली. "पाणीसुद्धा प्यायली नाहीस?"

ममताने जरा आठवून बघितलं. "एकटीला तहान लागलेली कळत नाही," ती म्हणाली.

कंपनीत एखाद्या मीटरवर एका तासाला शून्य आलं तर भास्कर हातातलं टाकून धावत जायचा. इथे लागोपाठ तीन शून्यं होती, तिने ती नीट, गोल, सावकाश काढलेली होती, आणि ती रोजची होती. त्याने त्या तिन्हींवरून एकदा बोट फिरवलं. मग त्याने फोन काढला.

"संजू, उद्या येऊ नको. नाही रे, नळ चांगला आहे. चालू दे."

एवढं बोलून तो जेवायला बसला. भाकरी दोनच खाल्ल्या. बिलाचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तो संध्याकाळी दुकानात काडेपेटी आणायला गेला. ममता फाटकाशी उभी होती. तिथून सगळं ऐकू यायचं.

"सापडली का गळती, भास्करराव?" चिंधाभाऊ बाकावर बसले होते. त्यांच्या खांद्यावर ममताच्या नळाखाली धुतलेलं स्वच्छ उपरणं होतं.

भास्करच्या खिशात तो तक्ता होता, तिने सकाळीच बघितला होता. त्याने एकदा खिशावर हात ठेवला.

"गळती नाही, भाऊ," तो म्हणाला. "आम्हाला पाणीच जास्त लागतं."

"दोघांना?"

"दोघांना."

चिंधाभाऊंनी मांडीवर थाप मारली, भावेशभाई वहीत तोंड खुपसून हसले. मीटरचा एवढा गाजावाजा करणारा माणूस सगळ्यांत जास्त बिल भरणार आणि वर हे ऐकून घेणार! भास्कर काडेपेटी घेऊन परत आला तेव्हा त्याचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला होता. ममताने त्याला पाणी दिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. तो तिला एवढा आवडला नव्हता कधी. तिने ते सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आंघोळीला बादली काठोकाठ भरून ठेवली.

गुरुवारी बाया आल्या. धुणी झाली. बारा वाजले, सोनम गेली, सोनाली गेली. चिमाबाई बादली उचलून कमरेवर घेत होत्या, तेव्हा ममता म्हणाली, "मावशी, दुपारी या ना."

"दुपारी काय धुवायचं?"

"धुवायचं काही नाही. नुसतंच या. मला दुपार खायला उठते." ते तिने साडेतीन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगून झाल्यावर तिला वाटलं, एवढं सोपं होतं?

चिमाबाईंनी बादली खाली ठेवली. "आन् मी काय समजायची, तुला दुपारची झोप लागते! बारानंतर मी या नळाला हात लावत नाही, म्हटलं आवाजानं पोरगी जागी होईल. सुनांनाबी दम दिलाय." त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माय वं! तिकडं आमच्या घरात नऊ जण. पंख्याखाली जागा नाही. दोन वर्षं झाली, मी मोरीच्या उंबऱ्यावर बसून डुलक्या घेते. एवढ्या दिवसांत एका शब्दानं बोलली का नाही?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

चिमाबाईंनी बादली परत कमरेवर घेतली आणि घरची वाट धरली.

एकच्या ठोक्याला त्या काखेत उशी मारून आल्या. पंख्याखाली बरोबर मधोमध आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "आधीच सांगते, मी दुपारी बोलत नसते." मग अर्धा तास त्या बोलल्या; थोरल्या सुनेचं, धाकट्या सुनेचं, आखाजीला लेक आली नाही त्याचं. ते बोलता बोलताच मध्ये कुठेतरी त्यांचं घोरणं सुरू झालं. घर त्या आवाजाने भरून गेलं. ममता शेजारी चटई टाकून पडली, पण पाच मिनिटांत उठली. तिला तहान लागली होती. तिने तांब्या भरून आणला, भांडं पालथं घालून आधी तो चिमाबाईंच्या उशाशी ठेवला, आणि मग आत जाऊन नळाजवळ उभ्या उभ्या दोन पेले पाणी प्याली.